वेदीखालची नाली

चांगुणा इंगळेनं माणिकराव शिरसाठांवर सूड उगवायचं ठरवलं, तो चैत्रातला बुधवार होता. लेकीच्या, महामायाच्या बाळंतपणासाठी ती जळगाव जामोदला गेली होती. बारा दिवसांनी परतली, बुलढाण्याच्या स्टँडवर उतरली आणि डोक्यावर बोचकं घेऊन चर्चच्या फाटकातून आत आली, तर तिचं घर जागेवर नव्हतं.

घर म्हणजे चर्चच्या आवारातल्या दोन खोल्या. आग्नेय कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, कौलारू. सासरे गुलाबराव तिथंच जन्मले होते आणि तिचा नवरा देवानंद आठ महिन्यांपूर्वी तिथंच गेला होता. आता तिथं जेसीबीच्या चाकांच्या चाकोऱ्या होत्या आणि विटांचा ढीग. सामान कडुनिंबाखाली रचलेलं होतं. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला होता. गाद्या भिजून जड झाल्या होत्या. देवानंदच्या फोटोची काच शाबूत होती, पण आत पाणी शिरून कागद फुगला होता आणि चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग उरला होता.

माणिकराव तिथंच उभे होते, हातात टेप घेऊन. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. चर्चच्या जमिनीवर रस्त्याकडेनं गाळे काढायचे, हा ठराव त्यांचाच.

"साहेब, महिन्याची नोटीस दिली होती ना तुमी. पंधराच दिवस झाले," ती म्हणाली.

"ठेकेदार मोकळा होता, काम लवकर लागलं. तू नव्हती इथं. सामान तर नीट काढून ठेवलं ना पोरांनी?" मग टेप गुंडाळत, अगदी सहज आवाजात ते म्हणाले, "अन् झाडू मारायले क्वार्टर काऊन लागते, चांगुणा? दोन घंट्याचं तर काम."

ती भांडली असती. तोंडात शब्द आलाही होता. पण तेवढ्यात तिची नजर पायाच्या खड्ड्याकडे गेली. तिच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी एक दगडी तोंड होतं, दीड हात रुंद, वर काळी फरशी टाकलेलं. मजूर त्याच तोंडात तिच्याच घराच्या विटा, गिलाव्याचे तुकडे आणि कौलांचा चुरा ढकलत होते. वर काँक्रीट पडणार होतं. तिनं ते पाहिलं आणि ओठावर आलेला शब्द गिळून टाकला.

"बरं साहेब," ती म्हणाली. "झाडायचं काम तरी ठेवता ना?"

"ठेवतो ना," माणिकराव म्हणाले. बाईनं एवढ्या सहज घेतलं, याचं त्यांना बरंच वाटलेलं दिसलं.

त्या दगडी तोंडाचा अर्थ त्या आवारात आता फक्त चांगुणाला माहीत होता.

हे चर्च बांधलं त्या वर्षी वऱ्हाडात दुष्काळ होता. १९०० सालची गोष्ट. माणसं धान्यावर काम करायला तयार होती आणि हॉर्नबी नावाच्या मिशनरी साहेबाला चर्च हवं होतं. बुलढाणा डोंगरावरचं गाव, थंड हवेचं, म्हणून साहेब लोकांचं आवडतं. जागा मिळाली ती उताराची. काळा दगड तिथल्याच खाणीतला. छताचं सागवान सातपुड्यातून आलं, सोनाळ्याकडून बैलगाड्यांवर. भिंती अडीच हात जाड, चुन्यात बांधलेल्या. पश्चिमेला चौकोनी बुरूज आणि त्यात घंटा, पूर्वेला वेदी आणि वेदीच्या मागे टोकदार कमानीची उंच खिडकी. तिची रंगीत काच विलायतेहून आली होती, मधल्या भागात मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू. हे सगळं लोकांना दिसायचं. चर्चला शंभर वर्षं झाली म्हणून निघालेल्या स्मरणिकेत माणिकरावांनी ते सगळं लिहिलंही होतं. साहेबाच्या घोड्याचं नावसुद्धा त्यात होतं.

जे दिसत नव्हतं ते जमिनीखाली होतं. उत्तरेकडून, वरच्या अंगानं, पावसाळ्यात पाण्याचे लोट यायचे. खाली खडक असल्यानं ते मुरायचे नाहीत, तर भिंतीच्या बुडाशी तुंबायचे. म्हणून साहेबानं उत्तरेच्या भिंतीला लागून चर खणला आणि ते पाणी चर्चच्या पोटातून, थेट वेदीखालून, दगडी नालीनं दक्षिणेला काढलं. नाली खणणाऱ्यांत देवानंदचा पणजोबा होता. नालीला वर्षातून एकदा आत शिरून साफ करावं लागे. ते काम त्याच्या गळ्यात पडलं आणि नालीच्या तोंडाशी त्याला दोन खोल्या बांधून मिळाल्या. पुढं साहेब गेले. इंगळ्यांच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला, पण काम सुटलं नाही.

चांगुणा सुलतानपूरहून लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, काडीसारखी. देवानंद खांद्यानं रुंद, त्याला आत वळता यायचं नाही. गुलाबरावांनी सुनेला विचारलं, "भेव लागते का तुले अंधाराचं?" ती नाही म्हणाली. त्या वैशाखापासून दरवर्षी ती हातात कंदील घेऊन, पोटावर सरकत, साठ हात आत जायची. कुठं दगड पुढं आलाय आणि कुठं पाठ खरचटते, हे तिला पाठ होतं. वेदीखाली आलं की छत जरा उंच व्हायचं, तिथं बसता यायचं. एकदा ती तिथं असताना वर गाण्याचा सराव चालला होता आणि दगडातून तिला सगळी गाणी ऐकू आली होती. स्मरणिकेत या सगळ्याबद्दल एकच वाक्य होतं. 'दगडी चौथऱ्यामुळे पावसाचे पाणी आपोआप वाहून जाते.' सातवीपर्यंत शिकलेल्या चांगुणानं ते दोनदा वाचलं होतं.

"आपोआप," ती देवानंदला म्हणाली होती, आणि तेव्हा दोघं हसले होते.

आता तिला हसू येत नव्हतं. तिनं चिखली रोडच्या पलीकडे एक खोली भाड्यानं घेतली आणि रोज सकाळी झाडू घेऊन चर्चमध्ये येऊ लागली. ओळखीच्या बाया म्हणायच्या, "घर पाडलं तुहं, अन् तू त्याच लोकायचं झाडतं?" ती झाडू उचलून चालू लागायची. तिला आत राहायचं होतं. जे होणार होतं ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

पहिल्या पावसाळ्यात फारसं काही झालं नाही. वेदीपाशी नुसता कुबट वास सुटला. दुसऱ्या पावसाळ्यात पूर्वेच्या भिंतीवर बोटभर ओल चढली आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटला. पांढरी पूड रोज सकाळी फरशीवर पडायची. चांगुणा ती गोळा करून बाहेर टाकायची आणि तिला समाधान वाटायचं. वेदीच्या मागच्या दाराआड तिनं पेन्सिलीनं ओलीच्या वरच्या कडेला रेघ मारली. महिन्यानं पुन्हा एक मारली. तिसऱ्या पावसाळ्यात त्या रेघा तिच्या कमरेपर्यंत आल्या, पुढच्या दोन ओळींतल्या बाकांचे सागवानी पाय खालून मऊ पडले आणि फरशा पायाखाली डुगडुगू लागल्या. माणिकरावांनी भिंतीला गळती रोखणारा रंग लावून घेतला. तो रंग त्यांच्या मुलाच्या दुकानातला होता, गाळा नंबर चारमधला. गाळा नंबर चार कुठं उभा होता, हे चांगुणाला सांगायची गरज नव्हती. रंग सहा महिन्यांत फुगून साल निघावी तसा निघाला.

रंग लावणाऱ्या ठेकेदारानं एकदा तिला विचारलंही होतं. "बाई, तुम्ही जुन्या आहात इथल्या. खालून एखादी नाली-बिली गेली आहे का?"

माणिकराव बाजूलाच उभे होते.

"मले काय मालूम, साहेब," चांगुणा म्हणाली. "मी झाडूवाली."

त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःसाठी गरम जिलबी घेतली.

चौथ्या पावसाळ्यात, श्रावणात, पूर्वेच्या खिडकीच्या कमानीचा मधला दगड दोन बोटं खाली सरकला. तिथून चौथऱ्यापर्यंत भिंतीला भेग गेली. चर्चच्या मंडळीचे सभासद आणि निवृत्त इंजिनिअर नारायणराव खंडारे येऊन पाहून गेले. पाया खचतोय, पाणी कुठून येतंय ते कळत नाही, असं म्हणाले. वेदीकडच्या भागात दोरी बांधली गेली. चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, शांतवन गोर्डे नगरकडून नुकतेच बदलून आले होते. ते रोज भेगेसमोर उभे राहायचे आणि परत जायचे. चांगुणा मात्र माणिकरावांचा चेहरा पाहायची. त्यांचं काळीज फाटावं, त्यांनी रडावं, याचीच ती साडेतीन वर्षं वाट पाहत होती.

माणिकराव रडत नव्हते.

का, ते तिला एका मंगळवारी कळलं. ती वेदीला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीत कपाटाची धूळ पुसत होती. माणिकराव वामनराव नावाच्या एका बिल्डरला घेऊन आले, टेबलावर नकाशा पसरला आणि तिच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. नकाशात दोन मजली हॉल होता, समोर रस्त्यावर चौदा गाळे.

"पाडायची परवानगी निघन का पन? जुनं बांधकाम हाये," वामनराव म्हणाले.

"धोकादायक म्हणून कागद झाला की निघते. रविवारी सभेत ठराव घेऊन टाकतो." माणिकराव नकाशावरून हात फिरवत म्हणाले, "पाऊसच आपलं काम करून राह्यला, वामनराव. आपन काहीच नाही केलं."

चांगुणा फडकं हातात घेऊन बाहेर आली आणि बुरजाच्या पायरीवर बसली. साडेतीन वर्षं ती गप्प राहिली, पांढरी पूड गोळा करून टाकत राहिली, रेघा मारत राहिली. तिला वाटलं होतं आपण त्या माणसाचं घर आतून पोखरतोय. पण चर्च माणिकरावांचं घर नव्हतंच. त्यांना ते पडायलाच हवं होतं आणि तिनं फुकटात त्यांची मजुरी केली होती.

पाळकांना एकटं गाठून सांगता आलं असतं. तिला ते नको होतं. तिला सगळे समोर हवे होते.

रविवारी उपासना संपली आणि सभा बसली. दीडशेक माणसं होती. माणिकरावांनी ठराव वाचला. नारायणरावांनी जड आवाजात सांगितलं की, पाण्याचं मूळ सापडल्याशिवाय भिंत वाचवता येणार नाही. पाळकांनी विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे?"

"मले बोलायचं हाये," चांगुणा दारातून म्हणाली.

माणसं मागं वळली. माणिकराव म्हणाले, "चांगुणा, ही मंडळीची सभा आहे. तुझं जे असन ते नंतर सांग."

"नंतर पाडून टाकसान तुमी." ती मधल्या वाटेनं सरळ पुढं आली. "पाणी कुठून येते ते मले मालूम हाये."

पहिल्या बाकावर सुभद्राबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या, निवृत्त नर्स, मंडळीत सगळ्यांत जुन्या. त्या काठी आपटून म्हणाल्या, "बोलू द्या तिले."

चांगुणा सरळ पाळकांच्या खोलीत गेली. मागोमाग जेवढी माणसं मावली तेवढी आत गेली, बाकीची दारात दाटली. तिनं कपाट सरकवायला लावलं. खाली लोखंडी कडी असलेली फरशी होती. चार जणांनी पहार लावून ती उचलली आणि सगळे एक पाऊल मागं सरले. खाली काळं पाणी होतं, हाताला लागेल इतकं वर आलेलं.

"ही नाली उत्तरेच्या चरातून येते," ती म्हणाली. "वेदीखालून जाते अन् रस्त्याकडं निंगते. साठ हात. मी तीस वर्सं आत शिरून साफ केली. माह्याआधी माह्या सासऱ्यानं केली, त्याच्याआधी त्याच्या बापानं."

नारायणराव गुडघ्यावर बसले. त्यांनी टॉर्च मारली, बांबू मागवून आत घातला, दिशा पाहिली आणि बाहेर जाऊन पावलं मोजत गेले. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "तोंड गाळा नंबर चारच्या खाली आहे. बुजवलंय."

सगळे माणिकरावांकडे पाहत होते.

"तिथं माहं क्वार्टर होतं," चांगुणा म्हणाली. "साहेबानं ते उगाच नाही बांधलं. तोंड मोकळं राहावं म्हणून बांधलं."

पाळक म्हणाले, "चांगुणाबाई, उद्याच गाळ्याची फरशी फोडू. तुम्ही फक्त नेमकी जागा दाखवा."

"दाखवतो. पन एक अट हाये." ती माणिकरावांकडे वळली. "गाळाचं पहिलं घमेलं सेक्रेटरीसाहेबांनी उचलायचं. आपल्या हातानं. सगळ्यायच्या समोर."

पाळकांनी तोंड उघडलं, बहुधा समेटाचं काही बोलायला. पण सुभद्राबाई त्यांच्या आधी बोलल्या. "उचलतीन ते. काऊन नाही उचलनार?"

सोमवारी सकाळी गाळ्यातले रंगाचे डबे फुटपाथवर काढून ठेवले होते. फरशी फुटली, काँक्रीट फुटलं, मग विटा लागल्या. एका तुकड्याला निळा गिलावा चिकटलेला होता, चांगुणाच्या स्वयंपाकघराचा. आतून पाण्याची चिळकांडी उडाली, मग लोंढा आला आणि मजूर बाजूला झाले. पाणी ओसरल्यावर मागं उरला तो साडेतीन वर्षांचा गाळ, काळा, चिकट, सडक्या पानांच्या वासाचा.

रस्त्यावर शंभर माणूस होतं. माणिकरावांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ते खड्ड्यात उतरले. पाय घसरून गुडघ्यापर्यंत रुतले. पांढऱ्या शर्टावर गाळ उडाला. त्यांनी दोन्ही हातांनी घमेलं भरलं, वर उचललं आणि चांगुणाच्या पायाशी ठेवलं.

"आता समजलं साहेब," ती त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "झाडूवालीले क्वार्टर काऊन लागते?"

ते खाली वाकले आणि त्यांनी दुसरं घमेलं भरलं. मग तिसरं. ते कोणी सांगितलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, तरी ते थांबेनात. सातव्या घमेल्याला मुलानं खाली उडी टाकून ते हातातून घेतलं. चांगुणाला पहिल्या घमेल्याला छाती भरून आल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्यापासून पुढं काय वाटावं, हे तिला कळेना. तिला त्यांचा राग आला, नव्यानं. एकाच घमेल्यावर थांबून, तोंड वाकडं करून निघून गेले असते, तर तिचं मन स्वच्छ राहिलं असतं.

चर्च वाचलं. पूर्वेची भिंत कमानीपासून उतरवून, दगडांवर आकडे घालून, पुन्हा चुन्यात चढवली. त्याला आठ महिने लागले. पण खिडकी उतरवताना मधली काच निसटली. आधीच चौकट पिळवटली होती. खांद्यावर मेंढरू घेतलेला येशू फरशीवर पडला आणि त्याचे शे-दोनशे तुकडे झाले. ते झाडायला चांगुणालाच बोलावलं. कोपऱ्यातला एक हिरवा तुकडा तिच्या तळव्यात घुसला. तसली काच आता कुठं मिळत नाही असं नारायणराव म्हणाले आणि मधे साधी काच बसली.

माणिकरावांनी सेक्रेटरीपद सोडलं होतं. एका दुपारी चांगुणा नालीच्या तोंडाशी पालापाचोळा काढत होती, तेव्हा ते आले आणि जरा लांब उभे राहिले.

"ठेकेदारानं विचारलं होतं तुले," ते म्हणाले. "माह्यासमोर. तू म्हणे मालूम नाही."

"हाव."

"म्हणजे पयल्या दिवसापासून तुले मालूम होतं. तोंड बुजवत होते तेव्हा तू पाहून राह्यली होती."

"हाव," ती पुन्हा म्हणाली. हातातलं खोरं तिनं खाली ठेवलं नाही.

"मंग ती खिडकी..." ते थांबले. "माह्या आईच्या दफनाची प्रार्थना त्या खिडकीसमोर झाली. मी पाडायले निंघालो होतो, मले बोलायले तोंड नाही. पन तुलेबी नाही."

"सांगून द्या सभेत."

"माह्यावर कोन इस्वास ठेवन आता?"

ती पुन्हा पालापाचोळा ओढू लागली. ते मागच्या फाटकानं निघून गेले. तिनं हे आजवर पाळकांना सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला गेली आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत आली.

गाळा नंबर चारच्या जागी आता पुन्हा दोन खोल्या आहेत. कमिटीनं विचारलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी मागितल्या. या खोल्या, आणि नालीत यापुढं माणूस उतरवायचा नाही. झाकण मोठं करा, पंप लावा, लांब बांबू ठेवा. दोन्ही मान्य झालं. चर्चच्या इतिहासाचा नवा फलक लागला. त्यात गुलाबराव इंगळ्यांचं नाव आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत. ते घालताना तिला कोणी विचारलं नव्हतं.

दिवाळीत महामाया धाकट्या, तान्ह्या पोराला घेऊन राहायला आली. रविवार होता. माणिकराव बायकोचा हात धरून फाटकातून आत आले, खोल्यांकडे न पाहता पायऱ्या चढले.

"आई, गेला का राग आता?" महामायानं विचारलं.

चांगुणा पोराच्या अंगाला तेल लावत होती.

"अर्धा गेला," ती म्हणाली आणि पोराला पालथं केलं.